बोगदा झाला, आता वरच्या रस्त्याचं काय?

२०१२ च्या जूनमध्ये आईवडिलांना घेऊन मी हिमाचलमधल्या रोहतांग खिंडीवर गेलो होतो. मनालीतून पहाटे पाचला निघालो, वाटेत भाड्याचे जाड कोट आणि गमबूट घेतले, आणि मढी हा वाटेतला थांबा मागे पडल्यावर गाड्यांच्या रांगेत अडकलो. शेवटच्या सात-आठ किलोमीटरला साडेतीन तास लागले. मनाली साधारण दोन हजार मीटरवर, खिंडीचा माथा ३,९७८ मीटरवर. वडील तेव्हा अडुसष्ट वर्षांचे. आधी त्यांचं डोकं दुखू लागलं, मग मळमळ सुरू झाली, मग त्यांनी बोलणंच थांबवलं. गाडी चालवणाऱ्या मुलाने आरशातून त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाला, "बाबूजी को नीचे ले चलते हैं." त्याचं बरोबर होतं. उंचीच्या त्रासावर सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे उतरणं; तीनशे ते हजार मीटर खाली आलं की बहुतेकांना बरं वाटतं. पण वळायचं कुठे? पुढच्या गाडीचं बंपर हातभरावर, मागच्या गाडीचं तेवढंच, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी. खाली उतरण्यासाठी आम्हाला आधी माथ्यापर्यंत चढावं लागलं, कारण गाडी वळवण्याइतकी जागा तिथेच होती.

वडिलांना पुढे काही झालं नाही. संध्याकाळी मनालीत त्यांनी आपणहून चहा मागितला तेव्हा माझ्या जिवात जीव आला. माथ्यावर आम्ही जेमतेम वीस मिनिटं होतो. त्या वीस मिनिटांत जे पाहिलं त्याबद्दल आईला आजही काही विचारलं तर ती रांगेतल्या हॉर्नबद्दल सांगते.

त्या दिवसापासून एक प्रश्न मनात घोळत राहिला आणि आता माझं मत पक्कं झालं आहे. ज्या खिंडीखालून बोगदा गेला, त्या खिंडीवरचा रस्ता पर्यटकांच्या गाड्यांना बंद करावा. खिंड कुणालाही बंद करू नये. वर जायला बस असावी, भरपूर असाव्यात, परवडणाऱ्या असाव्यात. पायी आणि सायकलने जाणाऱ्याला वाट मोकळी असावी. गाडी मात्र खाली राहावी. मग ती स्वतःची असो, भाड्याची असो की मोटारसायकल असो.

हे म्हणणं आजच का रास्त आहे आणि वीस वर्षांपूर्वी का नव्हतं, हे आधी सांगितलं पाहिजे. रोहतांग या नावाचा अर्थ प्रेतांची रास असा सांगतात. पीर पंजाल रांगेतली ही खिंड कुल्लूचं हिरवं खोरं आणि पलीकडचं कोरडं लाहौल यांच्या मधोमध आहे. अलीकडच्या उतारावर बियास उगम पावते, पलीकडे चंद्रा वाहते. लाहौलच्या माणसाला ही खिंड ओलांडल्याशिवाय बाजार नव्हता, मोठा दवाखाना नव्हता, कॉलेज नव्हतं. वर्षातले सहाएक महिने ती बर्फाखाली असायची. त्या काळात आजारी माणसाने हेलिकॉप्टरची वाट बघायची, किंवा जीव धोक्यात घालून पायी निघायचं. वाऱ्यात आणि बर्फात सापडून किती माणसं तिथे राहिली, ते त्या नावातच आहे. लेहकडे जाणाऱ्या सैन्याचा शिधाही याच वाटेने जायचा. अशा रस्त्यावर 'गाड्या बंद करा' असं कुणी म्हटलं असतं तर ते क्रौर्य ठरलं असतं.

३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा सुरू झाला. लांबी ९.०२ किलोमीटर, उंची तीन हजार मीटरच्या थोडी वर. मनाली ते लाहौलमधलं केलाँग हे अंतर ४६ किलोमीटरने कमी झालं आणि लाहौल बाराही महिने जगाशी जोडला गेला. त्या दिवशी वरच्या रस्त्याचं काम बदललं. जो रस्ता गरजेचा होता तो जवळजवळ पूर्णपणे पाहण्याचा रस्ता झाला. आज तिथे जाणाऱ्या बहुतेक गाड्या कुठेही पोहोचण्यासाठी जात नाहीत. वर जातात, थांबतात आणि परततात.

काम बदललं, पण नियम मात्र जुन्याच कामाच्या हिशेबाने चालले आहेत.

नियम अगदीच नाहीत असं नाही, आणि ज्यांनी ते केले त्यांचे आभारच मानले पाहिजेत. राष्ट्रीय हरित लवादाने फेब्रुवारी २०१४ मध्ये रोहतांगच्या प्रदूषणाबद्दल सविस्तर आदेश दिला. पुढे दिवसाला पर्यटकांच्या १,२०० गाड्या अशी मर्यादा ठरली: ८०० पेट्रोलच्या, ४०० डिझेलच्या. परवान्याशिवाय वर जाता येत नाही, वाटेतल्या गुलाबा या ठिकाणी तपासणी होते. आमच्या वेळची ती बेबंद रांग आता तशी राहिलेली नाही. पण ही मर्यादा मोजते काय? गाड्या मोजते. माणसं मोजत नाही. नवराबायको दोघंच असलेल्या मोठ्या गाडीला एक परवाना लागतो आणि नऊ माणसं दाटीवाटीने बसलेल्या गाडीलाही एकच. मोसमात परवाने संपले की ज्याला वेळेत मिळाला तो वर जातो आणि ज्याला नाही मिळाला तो गुलाबावरून माघारी फिरतो. खिंड पाहण्याचा हक्क असा गाडीच्या नंबरप्लेटला चिकटवला गेला आहे.

साधा हिशेब करून बघू. १,२०० गाड्यांत सरासरी चार माणसं धरली तर ४,८०० माणसं झाली. गाडीची लांबी चार मीटर आणि दोन गाड्यांमध्ये दोन मीटर अंतर धरलं तर १,२०० गाड्या एकामागे एक उभ्या केल्यावर सात किलोमीटरहून लांब रांग होते. तेवढीच माणसं तीस आसनांच्या बसमध्ये बसवली तर १६० फेऱ्या होतात. गुलाब्यासारख्या पायथ्याच्या ठिकाणाहून बस सोडली आणि एका बसने दिवसाला तीन फेऱ्या केल्या तर ५४ बस पुरतात. सगळ्या एकाच वेळी माथ्यावर आल्या तरी त्यांची रांग पाऊण किलोमीटरच्या आत राहील, आणि सगळ्या एकाच वेळी येणारच नाहीत. म्हणजे माणसं तेवढीच, पण रस्ता दिसतो, दरी दिसते, आणि कुणाला बरं वाटेनासं झालं तर पुढची बस पंधरा मिनिटांत खाली निघते. मला हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मी त्या रांगेत बसलेलो आहे.

उंचीचा त्रास कसा होतो हे पर्यटकांना कुणी नीट सांगत नाही. चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्केच उरतो. प्रत्येक श्वासात तेवढाच कमी प्राणवायू मिळतो. अडीच हजार मीटरच्या वर शरीराला जुळवून घ्यायला वेळ लागतो, म्हणून मुक्कामाची उंची हळूहळू वाढवावी असं डॉक्टर सांगतात. खिंडीवर जाऊन दोन तासांत परत येणाऱ्याला सहसा फार त्रास होत नाही, कारण लक्षणं बहुधा काही तासांनी दिसू लागतात, बऱ्याचदा सहा ते बारा तासांनी. त्या आत माणूस खाली आलेला असतो. कोंडी या सगळ्या गणितावर पाणी फिरवते. दोन तासांची भेट आठ तासांची होते. ज्याला दम्याचा किंवा हृदयाचा त्रास आहे, ज्याने आदल्या रात्री मनालीत पोहोचून झोपही पुरी घेतलेली नाही, तो माणूस त्या आठ तासांत डिझेलच्या धुरात बसलेला असतो. हे मी त्या वेळी पाहिलं आहे: खिडक्या लावल्या तर गुदमरतं, उघडल्या तर धूर आत येतो.

आणि तो धूर साध्या रस्त्यावरच्या धुरासारखा नसतो. विरळ हवेत इंधन पुरतं जळत नाही. चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढत नेली, मधेमधे थांबून पुन्हा क्लचवर उचलली, की काजळी भरपूर निघते. ती कुठे जाते? बरीचशी शेजारच्या बर्फावर बसते. ताज्या बर्फावर पडलेल्या उन्हापैकी ऐंशी-नव्वद टक्के उजेड परत फेकला जातो, म्हणूनच तिथे काळा चष्मा लागतो. त्यावर काजळीचा पातळ थर बसला की बर्फ ऊन शोषायला लागतो आणि लवकर वितळतो. वरचा थर वितळला तरी काजळी पाण्याबरोबर पूर्णपणे वाहून जात नाही. बरीचशी पृष्ठभागावरच साठत राहते आणि खालचा बर्फ आणखी काळा होतो. हिमालयातली सगळी काजळी गाड्यांची आहे असं म्हणणं खोटं ठरेल. चुलींचा धूर आहे, जंगलातले वणवे आहेत, मैदानातून वाऱ्याने येणारी धूळ आहे. पण या सगळ्यांत ज्याला आपण एका आदेशाने थांबवू शकतो असा उगम एकच आहे, आणि तो बर्फाला अगदी खेटून उभा असतो, इंजिन चालू ठेवून, हीटरसाठी.

इथे बसही धूरच सोडणार, असं कुणी म्हणेल. डिझेलची असेल तर सोडेल. माणसामागे मोजला तर गाड्यांपेक्षा बराच कमी. पण या रस्त्यावर डिझेलची बस हवीच असं नाही. २०१७ मध्ये मनाली ते रोहतांग या मार्गावर हिमाचलच्या सरकारी परिवहन महामंडळाने विजेवर चालणारी बस सुरू केली. त्या उंचीवर वीज हा सोयीचा पर्याय आहे, हे थोडा विचार केला तर पटतं. इंजिनाला जाळायला हवा लागते. मोटरला लागत नाही, म्हणून विरळ हवेत तिची ताकद कमी होत नाही. उतरताना मोटर उलटी वीज तयार करते, बॅटरी थोडीफार भरते आणि ब्रेकवरचा ताणही कमी होतो. घाट उतरताना ब्रेक तापून निकामी होणं हे डोंगरी रस्त्यावरच्या अपघातांचं जुनं कारण आहे. मैदानात गाडी शिकलेला माणूस गिअर टाकून उतरायचं विसरतो आणि सगळा भार ब्रेकवर देतो. थंडीत बॅटरीची क्षमता घटते ही अडचण खरी आहे, पण हा रस्ता भर थंडीत चालूच नसतो.

जगात हे कुणी केलं आहे का? केलं आहे. जपानमध्ये नोरिकुरा पर्वतावर जाणारा रस्ता २,७०२ मीटरवरच्या तातामिदाइरापर्यंत पोहोचतो. पूर्वी तिथे पथकर होता. २००३ मध्ये पथकर संपला आणि रस्ता फुकट होणार म्हणताच गाड्यांचा लोंढा येईल हे ओळखून त्याच वर्षी खासगी गाड्यांना बंदी घातली. आज तिथे लोक बसने, टॅक्सीने आणि सायकलने जातात. अलास्कातल्या डेनाली राष्ट्रीय उद्यानाचा रस्ता ९२ मैलांचा आहे. उन्हाळ्यात खासगी गाडी पहिल्या पंधरा मैलांपर्यंतच, पुढे बस. तिथली गोष्ट मला विशेष वाटते, कारण त्यांनी हे १९७२ मध्ये केलं. उद्यानापर्यंत येणारा नवा महामार्ग त्याच सुमारास पूर्ण झाला होता आणि आता गर्दी वाढणार हे दिसत होतं. गर्दी होऊन रस्ता आणि रान खराब होईपर्यंत ते थांबले नाहीत.

याउलट ऑस्ट्रियातला ग्रोसग्लॉक्नरचा रस्ता बघा. १९३५ मध्ये खुला झालेला हा ४८ किलोमीटरचा, ३६ तीव्र वळणांचा रस्ता पर्यटनाचा विचार करूनच बांधला गेला. तिथे चांगला मोठा पथकर घेतात, रात्री रस्ता बंद ठेवतात. रस्ता उत्तम राखलेला असतो, आणि पथकर वाढवला की प्रश्न सुटेल असं म्हणणारे आपल्याकडेही आहेत. मला ते मान्य नाही. पैसे भरलेल्या गाडीचा धूर कमी होत नाही. आणि खिंड ही सरकारी पैशाने, सैनिकांच्या आणि मजुरांच्या कष्टाने खुली झालेली जागा आहे. सीमा रस्ते संघटनेसाठी खडी फोडणारे, दरवर्षी बर्फ कापून रस्ता उघडणारे हात झारखंडचे, बिहारचे, नेपाळचे असतात. तिथे जाण्याची संधी जास्त पैसे मोजणाऱ्याला आधी मिळावी, ही वाटणी मला न्याय्य वाटत नाही. बसच्या तिकिटात कुणाच्या गाडीची किंमत दिसत नाही.

आता विरोधाकडे येतो, आणि त्यातला सगळ्यात वजनदार विरोध टॅक्सीवाल्यांचा आहे. मनालीत हजारो कुटुंबांचं पोट पर्यटकांना फिरवण्यावर चालतं, आणि रोहतांगची फेरी ही त्यांच्या मोसमातली मोठी कमाई. कर्ज काढून गाडी घेतलेली असते. कमाईचे महिने चार-पाच, हप्ते बाराही महिने. आदेश दिल्लीत निघतो आणि त्याची झळ त्या माणसाला बसते. ज्या मुलाने माझ्या वडिलांचा चेहरा आरशात वाचला, त्याच्यासारख्यांना बेकार करून डोंगर वाचवायचा असेल तर त्या वाचवण्याला मी पाठिंबा देणार नाही. पर्यावरणाच्या बाजूने बोलणारे आम्ही लोक इथे फार लवकर 'पर्यायी रोजगार' म्हणतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. तो रोजगार कुणाचा, किती, कधीपासून, हे सांगायची तसदी घेत नाही.

म्हणून मला वाटतं, बससेवा बाहेरच्या मोठ्या ठेकेदाराकडे देऊ नये. आज ज्यांच्याकडे टॅक्सीचा परवाना आहे त्यांच्याच सहकारी संस्थेला या बस चालवायला द्याव्यात. बस सरकारने घ्याव्यात, मार्ग आणि भाडं सरकारने ठरवावं, चालक-वाहक आणि उत्पन्नातला वाटा त्यांचा. मनाली ते पायथ्याचा तळ हा टप्पा टॅक्सीलाच राहावा. डोंगरात गाडी चालवायचं जे कसब त्यांच्याकडे आहे ते दुसऱ्या कुणाकडे नाही: कुठल्या वळणाआधी हॉर्न द्यायचा, चढणाऱ्या गाडीला कुठे थांबून वाट द्यायची, दुपारनंतर कुठल्या नाल्याचं पाणी वाढतं. ५४ बसना दोन पाळ्यांत शंभराहून जास्त चालक लागतील, त्याशिवाय वाहक, तळावरची माणसं, दुरुस्तीवाले. ही संख्या आजच्या सगळ्या टॅक्सीवाल्यांना पुरणार नाही, हे मी लपवत नाही. म्हणून संक्रमणाची चार-पाच वर्षं धरून, दरवर्षी गाड्यांचे परवाने कमी आणि बसच्या फेऱ्या जास्त, अशा टप्प्यांनी हे व्हावं. ज्यांची कमाई बुडेल त्यांच्या हप्त्यांचा भार पर्यटकांच्या तिकिटातून उचलावा. मी ते जास्तीचं भाडं आनंदाने देईन.

दुसरा विरोध स्वतःची गाडी असण्याच्या मोकळेपणाचा. हवं तिथे थांबता येतं, वाटलं तर तासभर बसता येतं, मुलाला भूक लागली तर डबा उघडता येतो. खरं आहे. पण १,२०० गाड्यांच्या दिवशी तसं थांबता येतं का? रस्त्याच्या कडेला गाडी घेतली की मागचा हॉर्न वाजवतो, आणि जागा हवी म्हणून लोक चाकं गवतावर घालतात. त्या उंचीवरच्या गवताला वाढायला वर्षातले मोजके आठवडे मिळतात; चाकाखाली चिरडलेला पट्टा मैदानातल्या गवतासारखा पुढच्या पावसात भरून येत नाही. उलट दर पंधरा मिनिटांनी बस असेल आणि पाच-सहा ठरलेल्या जागी उतरून पुढची बस पकडता येत असेल, तर थांबण्याचा मोकळेपणा वाढेलच. गाडी कुठे लावली, कोणी घासून तर नेली नाही, ही चिंता नाही. गाडी चालवणाऱ्यालाही पहिल्यांदा खिडकीबाहेर बघता येईल. घाटात नजर रस्त्यावर खिळलेला तोच एक माणूस असतो ज्याला काहीच दिसत नाही.

मोटारसायकलवाल्यांच्या बाबतीत मात्र मला वाईट वाटतं. १९९८ मध्ये एका मित्रासोबत मी मोटारसायकलवरून याच खिंडीतून लेहला गेलो होतो. रोहतांग, बारालाचा, तांगलांग, एकेक खिंड ओलांडताना अंगावर आलेला वारा मला आजही आठवतो. तो अनुभव तरुण मुलांकडून काढून घ्या असं म्हणणं माझ्याच आठवणीवर ओझं टाकण्यासारखं आहे. तरीही म्हणतो. लेहच्या वाटेवर पुढच्या खिंडींवरून रस्ता अजून जातोच, त्यांना बोगद्याचा पर्याय नाही, तिथे माझी ही मागणी लागू होत नाही. रोहतांगपुरतं मात्र आमच्या त्या दिवशी रस्त्यावर किती गाड्या होत्या आणि आज किती असतात हा फरक डोळ्यांआड करता येत नाही. आम्हाला मिळालेलं ते एकटेपण आज मोटारसायकलवरूनही मिळत नाही. सायकलवरून मिळू शकेल.

अपवाद अर्थातच राहतील. गद्दी मेंढपाळ उन्हाळ्यात कळप घेऊन या खिंडीतून लाहौलच्या कुरणांकडे जातात; त्यांची वाट पहिली. बोगदा काही कारणाने बंद पडला तर वरचा रस्ता सगळ्यांना उघडा हवा, म्हणून तो चांगल्या स्थितीत राखणंही भाग आहे. सैन्य, रुग्णवाहिका, अपंग माणसांची वाहनं यांच्याबद्दल वाद असण्याचं कारण नाही.

एक आक्षेप असाही घेतला जाईल की वर बंदी घातली तर गर्दी बोगद्यापलीकडे सरकेल. ती सरकलेलीच आहे. सिस्सू आणि कोकसरकडे जाणारी वाहनं गावकऱ्यांच्या दारात उभी राहतात. २०२३ च्या नाताळच्या सुट्टीत कोंडी टाळण्यासाठी एकाने आपली गाडी थेट चंद्रा नदीच्या पात्रात घातली. पोलिसांनी त्याला दंड केला. लाहौलच्या लोकांना बोगदा हवा होता तो आजारी माणसाला वेळेत पोहोचवण्यासाठी. त्यांच्या शेतांचं वाहनतळ व्हावं म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली नव्हती. खिंडीसाठी बससेवा उभी राहिली तर तीच पुढे सिस्सूपर्यंत नेता येईल. त्या गावांनी किती गाड्या आत घ्यायच्या हे त्यांच्या ग्रामसभेने ठरवावं.

मी रोहतांगबद्दल एवढं लिहिलं कारण ते मला माहीत आहे. पण हा प्रश्न आता हिमालयाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उभा राहणार आहे. अरुणाचलमध्ये तवांगच्या वाटेवरच्या सेला खिंडीखालचा बोगदा ९ मार्च २०२४ ला खुला झाला. ती खिंड तर १३,७०० फुटांवर, शेजारी तळं. झंस्करकडे जाणाऱ्या शिंकुला खिंडीखालच्या बोगद्यासाठी जुलै २०२४ मध्ये पहिला सुरुंग उडाला. श्रीनगर–लेह मार्गावरच्या झोजिलाखाली तेराएक किलोमीटरचा बोगदा खोदला जात आहे. प्रत्येक ठिकाणी गोष्ट तीच घडणार: सैन्य, मालवाहतूक, रुग्ण आणि रोजचा प्रवासी खालून जाऊ लागतील, आणि वरचा रस्ता फक्त पाहणाऱ्यांसाठी उरेल.

रोहतांगला बोगद्याआधीच मर्यादा आली, ती कोर्टकचेऱ्या झाल्यावर आणि बर्फ काळा झाल्यावर. झोजिलाला तसं होऊ देण्याचं कारण नाही. ती खिंड ३,५२८ मीटरवर आहे, तिचा रस्ता अरुंद आणि कच्चा, दरड कायमचीच, आणि आजही तिथे एका वेळी एकाच दिशेने वाहनं सोडावी लागतात. बोगदा पूर्ण व्हायला अजून वेळ आहे. सोनमर्गच्या तळावर बससाठी जागा राखून ठेवायची, तिथल्या टॅक्सीवाल्यांशी आणि घोडेवाल्यांशी बोलायचं, द्रासच्या बाजूने वर येणाऱ्यांची सोय कुठे करायची ते ठरवायचं, विजेची वाहिनी कुठपर्यंत न्यायची हे आखायचं, ही सगळी कामं आत्ताच हाती घेता येतील. बोगद्याचं उद्घाटन ज्या दिवशी होईल, त्याच दिवशी वरच्या रस्त्याबद्दलचा आदेशही निघावा.